'पाहुणा' ते 'शहीद': जॉर्डनच्या पायलटची बातमी अरबी चॅनल्सनी कशी सांगितली

२४ डिसेंबर २०१४. सीरियातल्या रक्का शहराजवळ जॉर्डनच्या हवाई दलाचं एक एफ-१६ पडलं. पायलट मुआझ अल-कसासबेह, वय २६, लग्नाला जेमतेम पाच महिने झालेले. बंदूकधाऱ्यांनी त्याला पाण्यातनं बाहेर ओढून काढलं, अंगावर ओला पांढरा शर्ट, बास एवढंच, आणि तो फोटो त्याच दिवशी सगळ्या अरब जगाच्या फोनवर फिरला. ३ फेब्रुवारी २०१५ ला इसिसने त्याला पिंजऱ्यात जाळून मारल्याचा व्हिडिओ टाकला. मधे ४१ दिवस गेले.

मी तेव्हा शारजात होतो. बिल्डिंगखाली एका मल्याळी माणसाची कॅफेटेरिया होती, तिथे करक चाय प्यायला रात्री सगळे जमायचे, भिंतीवर टीव्ही, आणि रिमोट ज्याच्या हाती त्याचं चॅनल. माझं अरबी तेव्हा कामचलाऊ होतं (आताही फार भारी आहे असं नाही) त्यामुळे मी पूर्ण बातमी ऐकण्यापेक्षा खालची लाल पट्टी वाचायचो, 'आजिल' म्हणजे तातडीची बातमी, आणि एक गोष्ट लवकरच डोक्यात बसली की चॅनल बदललं की पायलटला पकडणाऱ्यांचं नाव बदलतंय. घटना तीच, फोटो तोच, नाव वेगळं. हे लिखाण त्या नावांबद्दल आहे. पायलटची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, ती सांगताना कोणी कुठला शब्द कधी उचलला आणि कधी टाकला ते फारसं कोणी बघत नाही.

आधी नावाचा घोळ

आपण इसिस म्हणतो, काही पेपर आयसिस लिहितात, आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. अरबीत हा साधा प्रश्न नाहीच. २९ जून २०१४ ला या लोकांनी खिलाफत जाहीर केली आणि 'इराक आणि शाम' (शाम म्हणजे सीरिया आणि आसपासचा भाग) हे शब्द स्वतःच गाळून नुसतं 'अद-दौला अल-इस्लामिया' म्हणजे इस्लामी राज्य एवढंच नाव ठेवलं. आता बातमी देणाऱ्याची पंचाईत बघा, हे नाव जसंच्या तसं घेतलं तर त्यांना राज्यही मान्य केलं आणि इस्लामीही मान्य केलं.

त्यावर तोडगा म्हणून 'दाइश' आलं. जुन्या लांब नावाची आद्याक्षरं जोडून केलेला शब्द, २०१३ मध्ये खालिद अल-हाज सालेह नावाच्या सीरियन कार्यकर्त्याने काढला. अरबीत असे आद्याक्षरांचे शब्द फार कमी, हमास आणि फतह सोडले तर पटकन आठवत नाहीत, त्यामुळे कानाला ते विचित्रच वाटतं, एखाद्या जुन्या गोष्टीतल्या राक्षसाचं नाव असावं तसं, शिवाय तुडवणं या अर्थाच्या क्रियापदाच्या जवळ जातं. लोकांनी त्याचं अनेकवचनसुद्धा केलं, 'दवाइश', जसं आपण वैतागून 'हे असले' म्हणतो त्या सुरात. इसिसला हा शब्द इतका झोंबला की वापरणाऱ्याची जीभ कापू अशा धमक्या त्यांच्या ताब्यातल्या भागात दिल्या जात होत्या.

अल अरेबिया, सौदी मालकीचं, तेव्हा दुबईतून चालणारं, २००३ मध्ये सुरू झालेलं, त्यांनी 'दाइश' मनापासून उचललं. अल जझीरा, कतारचं, १९९६ पासून, ते 'तन्झीम अद-दौला' म्हणत राहिले, म्हणजे 'राज्य नावाची संघटना'. हे वाटतं तितकं वाईट भाषांतर नाही, 'तन्झीम' शब्द पुढे लावला की 'राज्य' हा दावा आहे, वस्तुस्थिती नाही हे व्याकरणातच येतं, पण ऐकणाऱ्याच्या कानात शेवटी 'दौला'च राहतो. बीबीसीची अरबी सेवाही साधारण याच वाटेने जायची, त्यामुळे अल जझीराच्या नावाला सरळ 'सहानुभूती' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मजा म्हणजे कतार स्वतः त्या बॉम्बहल्ल्यांच्या आघाडीत होता! सप्टेंबर २०१४ मध्ये सीरियातले हल्ले सुरू झाले तेव्हा जॉर्डन, सौदी, अमिराती, बहरीन आणि कतार, पाचही देशांची नावं यादीत होती.

जॉर्डनचा सरकारी शब्द तिसराच, 'इसाबत दाइश', दाइशची टोळी. टोळी म्हटलं की राज्यही नाही, संघटनाही नाही, थेट दरोडेखोर. आणि इजिप्तच्या दार अल-इफ्ताने, म्हणजे फतवे देणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑगस्ट २०१४ मध्ये जगभरच्या मीडियाला सांगून टाकलं होतं की इस्लामी राज्य म्हणूच नका, 'इराक-सीरियातले अल-कायदाचे फुटीर' म्हणा. एवढं लांबलचक कोण म्हणणार, ते काही चाललं नाही.

म्हणजे पायलट पडला त्या दिवशी पकडणाऱ्याला काय म्हणायचं हे ठरवलं की तुम्ही कुठे उभे आहात ते आपोआप ठरत होतं. आणि तेवढ्यात एका माणसाने चॅनल्सचे आणि सरकारांचे हे शब्द सोडून वेगळाच शब्द काढला.

बापाचा शब्द

साफी अल-कसासबेह, मुआझचे वडील. दक्षिण जॉर्डनमधल्या करक भागातले, मोठ्या टोळीतले, इथे टोळी म्हणजे वर सांगितलेली दरोडेखोरांची नाही, कूळ या अर्थाची. (मराठीत दोन्हीला एकच शब्द पडतो ही आपली अडचण, पुढे कूळच म्हणतो.) जॉर्डनच्या राजघराण्याचा सगळा आधार अशा कुळांवर, सैन्य आणि पोलीस त्यांच्यातूनच भरलेले. तर हे साफी कॅमेऱ्यासमोर आले आणि त्यांनी सांगितलं की माझ्या मुलाला ओलीस म्हणू नका, तो पाहुणा आहे, इस्लामी राज्यातल्या आपल्या भावांकडे असलेला पाहुणा, आणि त्या भावांनी त्याचा नीट पाहुणचार करावा.

त्या वेळी कॅफेटेरियातले काही जण हसले होते, मलाही ते भाबडं वाटलं. आता वाटतं की सगळ्या ४१ दिवसांत सगळ्यात विचार करून वापरलेला शब्द तोच होता. बेदुइन म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांच्या रिवाजात 'दैफ' म्हणजे पाहुणा हा नुसता आलेला माणूस नसतो, त्याच्या जिवाची जबाबदारी यजमानावर येते, दारात शत्रू आला आणि तंबूत शिरला तरी त्याला हात लावायचा नाही. साफी इसिसला एका चौकटीत ओढायला बघत होते जिथे मुआझला मारणं ही त्यांची स्वतःची बेअब्रू ठरली असती. 'भाऊ' म्हणणं, 'इस्लामी राज्य' असं त्यांचंच नाव घेणं, हे सगळं त्याच हिशोबात. दाइश म्हटलं असतं तर मुलाच्या मानेवर सुरी ठेवल्यासारखं झालं असतं.

आणि अरबी चॅनल्सनी हे वाक्य दाखवलं, पुन्हा पुन्हा दाखवलं, त्यामुळे अल अरेबियासारख्या चॅनलवर अँकर 'दाइश' म्हणतोय आणि पुढच्याच क्लिपमध्ये पोराचा बाप 'आपले भाऊ' म्हणतोय असा प्रकार व्हायचा. बातमीची चौकट आणि बातमीतल्या माणसाची चौकट एकमेकींना छेदत होत्या. बापाला दुरुस्त करायची हिंमत कोणत्या अँकरची होणार.

याच दिवसांत जॉर्डनमध्ये आणखी एक वाक्य सोशल मीडियावर फिरत होतं, 'हे आपलं युद्ध नाही'. करकमध्ये आणि अम्मानला राजवाड्याजवळ निदर्शनं झाली, नातेवाईक विचारत होते की अमेरिकेच्या लढाईत आमचा मुलगा का पाठवला. म्हणजे तेव्हा अर्ध्या लोकांच्या बोलण्यात दोषी इसिस कमी आणि स्वतःचं सरकार जास्त होतं. सरकारची कोंडी झाली होती. अमिरातीने तर या घटनेनंतर आपली विमानं गुपचूप थांबवली होती, ते नंतर बाहेर आलं.

दुसऱ्या बाजूला पकडणारे आपली चौकट तयार करत होते. त्यांच्या भाषेत मुआझ 'मुर्तद' पायलट, धर्म सोडलेला. त्यांच्या समर्थकांनी ट्विटरवर याला कसं मारावं ते सुचवा असा हॅशटॅग चालवला, आणि त्यांच्या दाबिक नावाच्या इंग्रजी मासिकात मुआझची 'मुलाखत' छापली ज्यात त्याच्याच तोंडून मला मारतील असं म्हणवून घेतलं. मुलाखत हा पत्रकारितेचा प्रकार, तो त्यांनी कैद्यावर वापरला.

याआधीही एकदा झालं होतं

२००५ चं सांगितल्याशिवाय जॉर्डनची प्रतिक्रिया समजणार नाही. ९ नोव्हेंबर २००५ ला अम्मानमधल्या तीन हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले, साठच्या आसपास माणसं गेली, त्यातल्या एका हॉटेलात लग्नाचा समारंभ चालू होता. करणारी संघटना इराकमधली अल-कायदा, तिचा म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावी, जो जॉर्डनच्याच झरका शहरातला. त्याआधी इराकमध्ये तो जे करत होता त्याला अरबी मीडियात बऱ्याच ठिकाणी 'मुकावमा' म्हणजे प्रतिकार या मोठ्या पिशवीत टाकलं जायचं, अमेरिकन फौजांविरुद्ध आहे ना, मग बाजारात इराकी माणसं मेली तरी पिशवी तीच. अम्मानचं लग्न उडालं आणि पिशवी फाटली. झरकावीच्याच खलायला कुळातल्या ५७ जणांनी पेपरात जाहिरात देऊन त्याच्याशी नातं तोडल्याचं जाहीर केलं. पेपरात जाहिरात! आपल्याकडे 'माझ्या मुलाशी माझा काही संबंध नाही' अशी जाहीर नोटीस येते ना, अगदी तसं.

त्या स्फोटांत एक बाई होती, साजिदा अल-रिशावी, इराकी. तिचा पट्टा फुटला नाही, नवरा मात्र फुटला. चार दिवसांनी सरकारी टीव्हीवर तिला तो पट्टा कमरेला दाखवत कबुली देताना सगळ्या देशाने बघितलं. २००६ मध्ये फाशीची शिक्षा झाली पण ती दिली गेली नाही, जॉर्डनने त्या वर्षापासून फाशी देणंच थांबवलं होतं, आणि नऊ वर्षं ही बाई तुरुंगात विस्मरणात पडून राहिली. जानेवारी २०१५ मध्ये इसिसने तिला पुन्हा बातमीत आणलं.

डेडलाइनचा खेळ

२० जानेवारीला दोन जपानी ओलिसांचा व्हिडिओ, ७२ तासांत २० कोटी डॉलर. २४ तारखेला एकाला मारल्याचं कळलं आणि मागणी बदलली, आता पैसे नको, साजिदा द्या. मग दुसरा ओलीस, पत्रकार केन्जी गोटो, मुआझचा फोटो हातात धरून दिसला. २९ जानेवारीच्या सूर्यास्तापर्यंत, मोसुलच्या वेळेप्रमाणे, तुर्कीच्या सीमेवर साजिदा पोचली पाहिजे नाहीतर पायलट मेला. जॉर्डन म्हणालं देतो, पण आधी तो जिवंत असल्याचा पुरावा द्या.

हे दिवस मला टीव्हीच्या दृष्टीने सगळ्यात लाजिरवाणे वाटतात. सगळी चॅनल्स, अरबीच नाही जगभरची, इसिसने लावलेल्या घड्याळावर चालत होती. सूर्यास्त किती वाजता, सीमेवरून थेट प्रक्षेपण, पॅनलवर निवृत्त जनरल. या काळात 'दाइश' म्हणा की 'तन्झीम' म्हणा, काही फरक पडत नव्हता कारण बातमीचा आराखडाच पकडणाऱ्यांनी लिहिलेला होता, चॅनल्स फक्त त्यात रंग भरत होती. आपल्याकडे नोव्हेंबर २००८ मध्ये ताज आणि नरिमन हाऊसच्या थेट प्रक्षेपणाबद्दल सुप्रीम कोर्टाने नंतर २०१२ च्या निकालात चॅनल्सना झापलं होतं ते आठवलं, मला तेव्हाही वाटलं होतं की नुसते शब्द सुधारून हे सुधारणार नाही, वेळ कोणाच्या हातात आहे तेही बघावं लागेल.

गोटोला मारल्याचा व्हिडिओ ३१ जानेवारीला आला. मुआझचा काही पत्ता नाही.

आणि नंतर ३ फेब्रुवारीला जॉर्डनच्या सरकारी टीव्हीने सांगितलं की मुआझला ३ जानेवारीलाच मारलं होतं. म्हणजे ज्याच्या बदल्यात साजिदा द्यायची म्हणून आठवडाभर घासाघीस चालली होती तो महिन्यापूर्वीच गेला होता.

एक शब्द, दोन मृत्यू

तो व्हिडिओ सुमारे २२ मिनिटांचा. मी पूर्ण बघितला नाही आणि बघणारही नाही, त्यात काय आहे हे नंतर अनेकांनी लिहिलंय तेवढं पुरे. त्यांनी तो न्यूज डॉक्युमेंटरीसारखा बांधला होता, सुरुवातीला जॉर्डनचा राजा अब्दुल्ला याच्या बातम्यांच्या क्लिप्स, चॅनलसारखी ग्राफिक्स, मग बॉम्बहल्ल्यातले मेलेले लोक, ढिगाऱ्यातून चालणारा पायलट, आणि मग जे केलं ते. जशास तसं, असा युक्तिवाद चित्रातून केलेला. व्हिडिओच्या नावाचा अर्थच साधारण 'काळजाला थंडावा' असा, तोही कुराणातल्या शब्दांवरून घेतलेला. शेवटी इतर जॉर्डनियन पायलटांची नावं आणि त्यांना मारणाऱ्याला बक्षीस.

मोठ्या अरबी चॅनल्सनी बहुतेक करून जळण्याचा भाग दाखवला नाही, पिंजऱ्याजवळचं किंवा नारिंगी कपड्यातलं स्थिर चित्र दाखवलं. पूर्ण व्हिडिओ आपल्या वेबसाइटवर ठेवला तो अमेरिकेतल्या फॉक्स न्यूजने. अरबी चॅनल्स 'अतिरेक्यांचे लाउडस्पीकर' असं २००१ च्या बिन लादेन टेप्सपासून म्हणणाऱ्यांच्या देशातच हे झालं, एवढं नोंदवून पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी, ४ फेब्रुवारीच्या पहाटे, जॉर्डनने साजिदाला आणि झियाद अल-करबूली नावाच्या अल-कायदाच्या आणखी एका कैद्याला फाशी दिली. आता लाल पट्टी बघा. पायलटच्या बातमीत बऱ्याच अरबी मथळ्यांत शब्द होता 'इअदाम', जाळून इअदाम. साजिदाच्या बातमीतही शब्द 'इअदाम'. इअदाम म्हणजे देहदंड, कोर्टाने दिलेली मृत्यूची शिक्षा. एका बाजूला कोर्ट, अपील, नऊ वर्षं, (घाईघाईत पहाटे दिली हे मान्य, तो सूडच होता असं मला वाटतं) आणि दुसऱ्या बाजूला एक पिंजरा, आणि दोन्हीला एकच शब्द. आणि यात गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण, की 'दाइश' म्हणणारी चॅनल्ससुद्धा हा शब्द बिनधास्त वापरत होती. म्हणजे कर्त्याला राज्य म्हणायचं नाही यासाठी एवढा आटापिटा आणि क्रियापद मात्र राज्याचं दिलं. नावावर भांडणाऱ्यांना क्रियापद दिसलंच नाही.

इंग्रजीतही तोच घोळ होता. मराठीत आपण सहज 'हत्या केली' लिहितो, 'ठार मारलं' लिहितो, त्या बाबतीत आपली भाषा सुदैवी म्हणायची.

शहीद

३ फेब्रुवारीच्या रात्रीपासून मुआझ जॉर्डनच्या मीडियात 'शहीद' झाला, 'अश-शहीद अल-बतल', वीर शहीद. 'आपण सगळे मुआझ' हे वाक्य सगळीकडे. महिनाभरापूर्वीचं 'हे आपलं युद्ध नाही' दोन दिवसांत दिसेनासं झालं. राजा अमेरिकेत होता, तिथूनच टीव्हीवर बोलला, आणि त्याचा सूर हा होता की ही भरकटलेली टोळी आहे, इस्लामशी तिचा संबंध नाही. हा 'भरकटलेले' शब्द नवा नाही, सौदी मीडियाने २००३ च्या रियाधमधल्या स्फोटांनंतर अल-कायदाला 'अल-फिआ अद-दाल्ला' म्हणजे भरकटलेला गट म्हणायला सुरुवात केली होती, आणि राजा अब्दुल्लाचा आवडता शब्द 'खवारिज', इस्लामच्या पहिल्या शतकातले बंडखोर. दोन्ही शब्दांचा फायदा एकच, प्रश्न राजकारणातून उचलून धर्माच्या इतिहासात नेऊन ठेवता येतो. मग तुरुंग कसे आहेत, बेकारी किती आहे, झरका आणि मआन या जॉर्डनच्या शहरांतून पोरं तिकडे का जातात, हे विचारायची गरज राहत नाही.

साफींची भाषाही त्या रात्री बदलली. पाहुणा नाही, भाऊ नाही. त्यांनी सूड मागितला आणि म्हणाले दोन कैद्यांना फाशी देऊन भागणार नाही, माझ्या मुलाचं रक्त त्यापेक्षा मोठं आहे. त्यांना दोष देता येत नाही, ज्या रिवाजाचा त्यांनी आधार घेतला होता तो समोरच्यांनी जाळून टाकला होता.

धर्माच्या बाजूने उत्तरं भराभर आली. आगीने शिक्षा द्यायचा अधिकार फक्त आगीच्या मालकाचा, म्हणजे देवाचा, ही हदीस (प्रेषितांचं वचन) त्या आठवड्यात मी इतक्या वेळा ऐकली की मला पाठ झाली. अल-अझहर या कैरोतल्या सुन्नी धर्मशिक्षणाच्या मोठ्या संस्थेचे प्रमुख अहमद अल-तय्यिब यांनी तर हे करणाऱ्यांना सुळावर चढवणं आणि हातपाय तोडणं हीच शिक्षा असं म्हटलं, आणि पाश्चात्त्य मथळ्यांना तेवढंच वाक्य सापडलं. पण याच अल-अझहरने डिसेंबरमध्ये इसिसला काफिर म्हणायला नकार दिला होता, कारण एकदा काफिर ठरवायचा खेळ सुरू केला की तो इसिसचाच खेळ होतो. हा मुद्दा अरबी चर्चांत गंभीरपणे चालला होता, आपल्याकडे पोचलाच नाही.

सगळ्यात विचित्र दृश्य ६ फेब्रुवारीचं. अबू मुहम्मद अल-मकदिसी, झरकावीचा तुरुंगातला गुरू, जिहादी विचारांचा मोठा पंडित, ऑक्टोबरपासून जॉर्डनच्या तुरुंगात कारण आघाडीवर टीका केली म्हणून. ५ तारखेला सुटला आणि ६ ला रोया टीव्ही या खासगी जॉर्डनियन चॅनलवर बसून सांगतोय की जाळणं कुठल्याच धर्माला मान्य नाही, मी साजिदाच्या बदल्यात पायलट सोडवायला मध्यस्थी करत होतो आणि ते माझ्याशी खोटं बोलले. कालचा 'जहाल विचारवंत' आज तज्ज्ञ साक्षीदार. सरकारचा हिशोब साधा होता, इसिसला त्यांच्याच आजोबाने शिव्या दिल्या तर जास्त लागतील. ते चाललंही असेल थोडंफार, पण त्या खुर्चीत बसवून चॅनलने त्याला जो मान दिला तो नंतर परत कसा घेणार?

बाकी दृश्यं आठवत असतील. विद्यार्थी आणि सैनिक बॉम्बवर खडूने कुराणातल्या ओळी लिहितायत, सरकारी टीव्हीवर. 'शहीद मुआझ' नावाची मोहीम, राजा करकला शोकाच्या मांडवात मुआझच्या घरच्यांना भेटायला गेलेला आणि हल्ला करून परतणारी विमानं त्या गावावरून उडतायत. ८ फेब्रुवारीला हवाई दलप्रमुखाने तीन दिवसांत ५६ हल्ले केल्याचं सांगितलं. राजा स्वतः विमान घेऊन गेला अशी अफवा, लष्करी गणवेशातला त्याचा जुना फोटो जोडून, ती आपल्याकडच्या व्हॉट्सअॅपवरही आली होती आणि माझ्या मामांनी ती मला मोठ्या कौतुकाने पाठवली होती. जॉर्डन सरकारने खोटी म्हणून सांगितलं, पण खरं कोणाला हवं होतं.

सीरियाच्या सरकारने निषेध केला आणि त्याच श्वासात म्हणाले चला दहशतवादाविरुद्ध एकत्र लढू, दाइश आणि नुस्रा (अल-कायदाची तेव्हाची सीरियातली शाखा) दोघांविरुद्ध. त्यांच्या मीडियात 'दहशतवादी' हा शब्द इतका सैल होता की त्यात बंदूक घेतलेला प्रत्येक विरोधक मावायचा. अल जझीराच्या इंग्रजी चॅनलमधला एक अंतर्गत ईमेल त्याच जानेवारीत बाहेर आला होता ज्यात 'दहशतवादी', 'इस्लामिस्ट' असे शब्द टाळा म्हणून सूचना होती, त्यावर अमेरिकेत बराच गोंधळ झाला. ईमेलमधली कारणं मला अर्धीच पटतात. शब्द टाळल्याने प्रश्न सुटत नाही, तो पुढच्या शब्दावर जातो. पण दमास्कसचा टीव्ही आठवडाभर बघितला तर तो ईमेल लिहिणारा काय टाळू बघत होता ते कळतं.

आणि जे शहीद झाले नाहीत

ऑगस्ट २०१४ मध्ये पूर्व सीरियात, देर एझ-झोर भागात, इसिसने शैतात कुळातल्या सुमारे ७०० माणसांना मारलं. जून २०१४ मध्ये तिक्रितजवळ स्पायकर छावणीतले बहुतेक शिया कॅडेट, १७०० मारल्याचा इसिसचा स्वतःचा दावा, फोटोंसकट. त्याच जूनमध्ये मोसुल पडत होतं तेव्हा अनेक अरबी चॅनल्सवर या सगळ्याला 'कुळांचे क्रांतिकारक' बगदादविरुद्ध उठले अशी चौकट दिली जात होती, आत काळे झेंडे स्पष्ट दिसत असताना.

म्हणजे ३ फेब्रुवारीला इसिसबद्दल नवीन काहीच कळलं नव्हतं. माणसांच्या घाऊक कत्तली करणारे, गळे कापणारे हे आठ महिने माहीत होतं. बदललं ते एवढंच की मेलेला कोणाचा मुलगा आहे. सुन्नी, जॉर्डनियन, मोठ्या कुळाचा, राजाच्या गणवेशातला, आणि त्याचा बाप रोज टीव्हीवर. शैतातही सुन्नी अरब, कूळवालेच, पण त्यांचा कोणी राजा नव्हता आणि कोणी ४१ दिवस त्यांचं घड्याळ लावलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की अरबी मीडियाची चौकट विचारधारेपेक्षा नात्यावर जास्त फिरते, आणि कतार विरुद्ध सौदी असं जे सोपं विश्लेषण चालतं त्यात हे बसत नाही.

आपण वेगळे आहोत असं नाही. मे २०१४ मध्ये कल्याणची चार पोरं यात्रेच्या नावाने इराकला गेली आणि इसिसकडे पोचली, एक नोव्हेंबरमध्ये परत आला. तेव्हा घरी फोनवर जे बोलणं व्हायचं ते 'कोणी ब्रेनवॉश केलं असेल', 'शिकलेला होता म्हणे', 'आईबापांचं काय', या सुरातलं. तीच संघटना, तोच महिना, पण रक्कातला असेल तर अतिरेकी आणि शेजारच्या स्टेशनचा असेल तर आधी मुलगा.

मुआझची बातमी तिथेच संपली नाही. व्हिडिओत दिसणाऱ्या बुरखेधारींपैकी एक, ओसामा क्रायेम, स्वीडनचा नागरिक, पॅरिस आणि ब्रसेल्सच्या हल्ल्यांत आधीच शिक्षा झालेला, त्याच्यावर स्टॉकहोमच्या कोर्टात २०२५ मध्ये खटला चालला. काळजाला थंडावा म्हणून बनवलेला तो व्हिडिओ तिथे पुरावा म्हणून आला, बुरख्यातून दिसणाऱ्या भुवईवरच्या व्रणापर्यंत तपासला गेला. ३१ जुलैला जन्मठेप झाली. मुआझच्या आईवडिलांना आणि भावंडांना प्रत्येकी ८०,००० क्रोनर भरपाई. गुन्ह्याचं नाव गंभीर युद्धगुन्हा आणि दहशतवादी गुन्हा, दोन्ही. यातला पहिला सिद्ध करायला कोर्टाला मुआझ शहीद आहे का वीर आहे हे बघायचं नव्हतं, तो पकडलेला होता, त्याच्या हातात शस्त्र नव्हतं आणि त्याचा जीव राखणं पकडणाऱ्यांवर बंधनकारक होतं, एवढंच बघायचं होतं. साफींनी पहिल्या आठवड्यात त्याला जो शब्द वापरला होता त्याचा अर्थ साधारण हाच होता.